औषधांचा डबा एक की चार? नवरा-बायकोच्या वादावर मेडिकलच्या काउंटरवरून

चोपड्याकडच्या एका ताईंनी विचारलंय, आधी थोडक्यात त्यांचा प्रश्न सांगते. घरात सहा माणसं. सासूबाईंना शुगर आणि बीपी, सासऱ्यांना हार्टचा त्रास, दोन मुलं, एक चार वर्षांचा आणि एक नऊची. आतापर्यंत सासूबाईंच्या गोळ्या खुंटीवरच्या पिशवीत, मुलांची सिरपं फ्रीजमध्ये, सासऱ्यांची गोळी त्यांच्या खिशात आणि उरलेलं सगळं टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये असायचं. मिस्टरांना हा पसारा बघवेना, म्हणून त्यांनी कप्प्यांचा मोठा पारदर्शक डबा आणला, सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून कप्प्यांत टाकल्या, वर ताप, पोट, बीपी, शुगर, सर्दी अशी लेबलं चिकटवली आणि डबा किचनच्या वरच्या रॅकवर ठेवला. ताई म्हणतात आता काहीच सापडत नाही, मिस्टर म्हणतात आता कुठे सगळं जागेवर आलं. त्यात गेल्या आठवड्यात सासूबाईंनी बीपीची गोळी दोनदा घेतली आणि वाद पेटला. आता दोघांना एकच उत्तर हवंय, बरोबर कोण.

मी फार्मासिस्ट आहे, अमळनेरला आमचं मेडिकल आहे, काउंटरवर रोज मीच असते, आणि हा वाद माझ्यासमोर दर दोन-चार दिवसांनी कुठल्या ना कुठल्या जोडप्याचा होतोच. म्हणून सरळ सांगते. गोळ्या स्ट्रिपमधून काढल्या ते चुकलं, ते आजच थांबवा. किचनचा रॅक पण चुकलाच. पण घरात औषधांची एक ठरलेली जागा पाहिजे आणि ती सगळ्यांना माहीत पाहिजे हा जो भाऊंचा हट्ट आहे तो शंभर टक्के बरोबर आहे, ताई, त्यावर त्यांना नावं ठेवू नका. फक्त औषधं आजाराप्रमाणे लावायची नसतात आणि माणसाप्रमाणेही सरसकट लावायची नसतात, त्या औषधाकडे हात कधी जातो त्याप्रमाणे लावायची असतात. रोजचं वेगळं, अचानक लागणारं वेगळं, कधीतरी लागणारं वेगळं, आणि जे घरात ठेवायचंच नाही ते घराबाहेर. हे एकदा पटलं की डबा एक की चार हा प्रश्नच फारसा उरत नाही.

आधी स्ट्रिपचं सांगते कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. सासूबाईंच्या बीपीच्या गोळीत बहुतेक टेल्मिसार्टन असेल, आपल्याकडे ती फार चालते. ही गोळी हवेतला ओलावा ओढून घेते, पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं तर मिठाचं जे होतं तसंच तिचं होतं. म्हणून ती अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटात बंद येते आणि घ्यायच्या वेळीच बाहेर काढायची असते. कप्प्यात सुटी टाकलेली टेल्मिसार्टन काही दिवसांत मऊ पडते, कडा झडतात, मग गोळी पोटात जाते पण बीपी उतरत नाही आणि आपण म्हणतो औषध लागू पडेना, डॉक्टर बदला. फिटच्या आजारात देतात त्या सोडियम व्हॅल्प्रोएटचंही तसंच. अ‍ॅस्पिरिन ओलाव्याने खराब झाली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो वास आला की टाकून द्या. पण असं नाकाला कळणारी औषधं फार थोडी, बहुतेकांचं कळत नाही.

दुसरं म्हणजे ओळख. सुटी झालेली पांढरी गोल गोळी शुगरची आहे की तापाची की पित्ताची हे मीसुद्धा नुसतं बघून खात्रीने सांगणार नाही. म्हाताऱ्या आज्या येतात, तळहातावर गोळी ठेवतात आणि म्हणतात "माले ती धाकली पांढरी गोयी दे वं माय", आणि मला दर वेळी सांगावं लागतं की आजी, पाकीट आणा किंवा चिठ्ठी आणा. शुगरची ग्लिमेपिराइड डोकेदुखीची समजून कोणी घेतली तर साखर इतकी खाली जाऊ शकते की माणूस बेशुद्ध पडतो.

तिसरं, एक्स्पायरी आणि बॅच नंबर. हे बहुतेक पाकिटांवर एका टोकाला छापलेलं असतं. तुम्ही दुकानात चार गोळ्या मागता तेव्हा आम्ही दुसऱ्या टोकाकडून कापून देतो म्हणजे छापलेला भाग दुकानात शिल्लक राहतो, पण मग तुमच्या हातातल्या चार गोळ्यांवर तारीखच नसते. तेव्हा अशा तुकड्यावर तिथेच पेनाने तारीख लिहून मागा, कुठलाही मेडिकलवाला लिहून देईल. घरीसुद्धा गोळ्या काढायला सुरुवात करायची ती तारीख नसलेल्या टोकाकडून. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय, मोबाईलने स्कॅन केला की नाव, बॅच, तारीख सगळं दिसतं, पण त्यासाठीसुद्धा पाकीट घरात पाहिजे. आणि तारखेचं एक, ०५/२०२७ लिहिलेलं असेल तर ते मे महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं, १ मेला फेकायची घाई नको.

आता भाऊंना सोमवार-मंगळवार लिहिलेला आठवड्याचा डबा वापरायचाच असेल तर वापरा की, मी विरोधात नाही, ज्यांना रोजच्या पाच-सहा गोळ्या आहेत त्यांना तो खरंच उपयोगी पडतो. फक्त गोळी फोडून टाकू नका, कात्रीने एक-एक गोळी तिच्या पाकिटाच्या तुकड्यासकट कापून टाका, थोडी जागा जास्त जाते पण हवा लागत नाही. कापलेल्या कडा टोचतात, त्या जरा गोल करा, आणि सासूबाईंना बजावा की गोळी तुकड्यातून काढूनच तोंडात टाकायची, कारण नजर कमी असलेल्या माणसाने अख्खा तुकडा गिळल्याचे प्रकार होतात. त्यापेक्षा घरात कोणी असेल तेव्हा त्यांच्या हातावर काढून दिलेली बरी. डबा एकाने भरायचा आणि दुसऱ्याने तपासायचा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती या डब्यात बिलकुल घालू नका, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते. ती वेगळ्या पाकिटात आणि वर ठळक अक्षरात वार लिहून.

जागेकडे येते. आपलं खान्देशचं ऊन कसं आहे ते पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळत नाही, मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि औषधाच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा. घाबरू नका, एका दुपारीत गोळी वाया जात नाही. पण किचनच्या वरच्या रॅकवर, जिथे खालून गॅसची वाफ आणि वरून पत्र्याची धग, तिथे अख्खा उन्हाळा ती पडून राहिली तर मग तारीख शिल्लक असून उपयोग नाही. फ्रीजच्या डोक्यावर ठेवायची फार जणांना सवय आहे, तिथे मागून गरम हवा येते. टीव्हीजवळ, खिडकीत, मोटारसायकलच्या डिकीत, बाथरूमच्या आरशामागच्या कपाटात, हेही नको. आणि आपल्याकडचा खास मुद्दा म्हणजे कूलर. मार्च ते जून घराघरात पाण्याचा कूलर चालतो, त्याच्या झोतात जे कपाट येतं तिथली हवा गार असते म्हणून लोक औषधं तिथे हलवतात, पण ती हवा दमट असते, सुट्या गोळ्यांना तर ती उन्हाइतकीच वाईट. घरातली सगळ्यात आतली खोली, आतली भिंत, तिथलं लाकडी किंवा लोखंडी कपाट, मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीचा कप्पा, ही जागा. जुनं धाब्याचं जाड भिंतीचं घर असेल तर भिंतीतलं फडताळ उन्हाळ्यात उत्तम, फक्त पावसाळ्यात भिंतीला ओल येते का ते हात लावून बघा.

फ्रीजमध्ये सगळं कोंबायचं नसतं. पाकिटावर २ ते ८ अंश लिहिलं असेल तेवढंच फ्रीजमध्ये. साधी तापाची-खोकल्याची सिरपं बाहेरच चांगली, फ्रीजमध्ये काहींत साखर खाली बसते आणि मग डोस कमी-जास्त होतो. पावडरमध्ये पाणी घालून करायची अ‍ॅन्टिबायोटिकची बाटली मात्र लेबल वाचून ठेवा, बऱ्याचशा सात दिवसच चालतात, काही फ्रीजमध्येच ठेवायच्या असतात, सात दिवसांनी उरलेलं ओतून टाकायचं, पुढच्या तापाला ते द्यायचं नाही. डोळ्यांचे ड्रॉप्स उघडल्यापासून साधारण महिनाभर, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटरमध्येच मिसळायचं, अर्धं आज अर्धं उद्या करायचं नाही, आणि मिसळलेलं २४ तासांत संपवायचं.

सासूबाईंना इन्सुलिन आहे की नुसत्या गोळ्या हे ताईंनी लिहिलं नाहीय, पण इन्सुलिनबद्दल इतकी माणसं विचारतात की सांगूनच टाकते. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात नको कारण दार सारखं उघडतं, आणि बर्फाच्या खणाला चिकटून तर मुळीच नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी कामाचं नसतं, टाकून द्यायचं. चालू पेन किंवा बाटली बाहेर चालते, बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखाली चार आठवडे, आतल्या कागदावर नेमकं लिहिलेलं असतं. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ३० अंशांखाली खोली असते कुठे? आणि खेड्यात लाईट गेली की फ्रीजचा काय भरवसा. तेव्हा माठ वापरा. एका मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात नीट बंद केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत इन्सुलिन, वर ओलं फडकं, आणि हे सगळं सावलीत जिथे वारा येतो तिथे. वाळू दिवसातून दोनदा ओली करायची. कोरड्या उन्हाळ्यात हे फार छान चालतं कारण पाणी भराभर उडतं, पावसाळ्यात तेवढं गार होत नाही पण तेव्हा गरजही कमी असते. आणि जळगावहून एसटीने इन्सुलिन आणणार असाल तर दुकानदाराकडून बर्फाची पिशवी मागून घ्या, मध्ये कापड घाला म्हणजे बाटली बर्फाला टेकत नाही.

आता सासूबाईंनी दोनदा गोळी घेतली त्याचं. ताई, तुम्हाला वाटतंय डब्यामुळे झालं, भाऊंना वाटत असेल पिशवीमुळे झालं असतंच. मला दोन गोष्टी तपासायच्या वाटतात. एक म्हणजे घेतलेल्या गोळीची खूण कुठेच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत सकाळची एक रेघ, संध्याकाळची एक रेघ, एवढं पुरतं, सासूबाईंना लिहिता येत नसलं तरी रेघ मारता येते. आणि घेतली की नाही हे आठवत नसेल तर परत द्यायची नाही, घरात मशीन असेल तर बीपी किंवा साखर मोजायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, घरात एकच औषध दोन नावांनी आहे का ते बघा. एका डॉक्टरांनी लिहिलेली कंपनीची गोळी, दुसऱ्यांनी लिहिली म्हणून किंवा स्वस्त पडते म्हणून जनऔषधी केंद्रातून आणलेली दुसरी, दोन्हीत बीपीचं अ‍ॅम्लोडिपिनच. रंग वेगळा, पाकीट वेगळं, म्हातारं माणूस दोन्ही इमानदारीने घेतं. तापाच्या गोळ्यांचंही तेच, क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल सगळ्यांत पॅरासिटामॉलच, शिवाय अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत ते मिसळलेलं असतं, आणि मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून ४ ग्रॅमच्या पुढे जाऊ द्यायचं नसतं, लिव्हर नाजूक असेल तर त्याहून बरंच कमी. म्हणून लेबल लावायचंच असेल तर 'बीपी' असं लावू नका, पाकिटावरचं बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव लिहा. भाऊंना लेबलांची हौस आहे ना, हे काम त्यांनाच द्या.

लहान मुलांसाठी एक गोष्ट मी प्रत्येक आईला बाटली हातात धरून दाखवते. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स येतात ते एका मिलीत १०० मिलीग्रॅम, सिरप येतं ते ५ मिलीत १२५ किंवा २५० मिलीग्रॅम. म्हणजे १२५ च्या सिरपच्या मानाने ड्रॉप्स चौपट कडक. घाईत ड्रॉप्सची बाटली घेऊन सिरपच्या मापाने चमचाभर पाजलं तर काय होईल ते तुम्हीच बघा. म्हणून दोन्ही घरात ठेवूच नका, तुमची मुलं चार आणि नऊची आहेत, ड्रॉप्स काढून टाका. डोस वजनावर ठरतो, डॉक्टरांकडून एकदा दोघांचा मिलीमध्ये लिहून घ्या आणि बाटलीसोबतच्या टोपणाने किंवा सिरिंजनेच द्या, घरातल्या चमच्याने नाही.

आणि सासूबाईंची ती खुंटीवरची पिशवी. चार वर्षांच्या मुलाचा हात खुर्चीवर चढला की तिथे पोचतो. शुगरची एक गोळीसुद्धा एवढ्या लहान मुलाला धोक्याची असते, आणि लोहाच्या लाल गोळ्या तर मुलांना खाऊच वाटतात, त्या जास्त गेल्या तर फार वाईट परिणाम होतात. मुलांना औषध देताना "चॉकलेट आहे" असं कोणी म्हणत असेल तर ते आजपासून बंद. मुलाने काही गिळलं असा संशय जरी आला तरी उलटी करवायच्या भानगडीत न पडता पाकीट सोबत घेऊन सरळ दवाखाना, गाडी नसेल तर १०८. पण पिशवी एकदम हिसकावून घेऊ नका. कितीतरी सासवांना ती पिशवी म्हणजे आपलं आपण बघतो हे दाखवायची एकमेव जागा असते, सुनेने किंवा मुलाने ती उचलली की त्यांना वाटतं आता आपल्याला काहीच समजत नाही असं धरलं. त्यांना सोबत बसवा, त्यांच्याच हाताने गोळ्या नव्या कप्प्यात लावू द्या, कप्पा त्यांचा आणि दाराची किल्ली पण त्यांच्या कमरेला.

सासऱ्यांच्या खिशातली गोळी मात्र खिशातच राहू द्या. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी असेल तर ती कपाटात कुलपात ठेवून कसं चालेल, दम्याचा पंप असतो तसंच हे, माणसासोबतच पाहिजे. फक्त ती पाकिटासकट, छोट्या टोपणाच्या डबीत, घामाने ओली होणार नाही अशी, आणि रात्री शर्ट काढला की डबी उशाला पण मुलांना सापडणार नाही अशा उंचीवर. उन्हाळ्यात डबीतला तुकडा महिन्या-दोन महिन्यांनी बदलत जा. घरात बाकी सगळ्यांना ती डबी कुठे असते हे माहीत पाहिजे, धाकट्याला सोडून.

शेतीचं घर असेल तर अजून एक, आणि यात मी कोणाचं ऐकून घेत नाही. कपाशीवर, केळीवर फवारायची औषधं आणि गुरांची औषधं घरातल्या औषधांच्या कपाटात तर नाहीच, त्या खोलीतसुद्धा नको. फवारणीचं माप आणि सिरपचं माप सारखंच दिसतं. उरलेलं कीटकनाशक कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवणं तर फारच वाईट, ते मूळ डब्यातच ठेवा आणि कुलपात.

उरलेल्या औषधांवर भाऊ म्हणत असतील "असू दे, लागेल कधीतरी". तापाची, जुलाबाची, जखमेची चार ठरलेली औषधं लागतात, ती असू द्या. पण पाकिटावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ आहे ती औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात, मग मागच्या वेळची उरलेली पुढच्या वेळी कशी चालतील? अ‍ॅन्टिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला तर मुळात उरतच नाही. जुनी औषधं साध्या कचऱ्यात मिसळायची नसतात, ती घंटागाडीवाल्याला वेगळ्या पिशवीत सांगून द्यायची. गावात तशी सोय नसेल तर गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहा पावडरमध्ये किंवा मातीत कालवा, पिशवीत घट्ट बांधा आणि मग टाका, म्हणजे ना पोरं उचलतील ना भंगारवाला. गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून.

शेवटी तुमच्या दोघांचं. माझ्या मोबाईलवर दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फोटो येतात, बायको माहेरी गेलेली असते आणि नवऱ्याने घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पलंगावर मांडून फोटो काढलेला असतो, खाली लिहिलेलं, "ताई, यातली आईची सकाळची कोणती?" म्हणजे इतके दिवस घरातलं औषधांचं सगळं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात होतं. ताई, तुम्हाला पिशवी-ड्रॉवरमध्ये सगळं सापडत होतं कारण ते तुम्ही ठेवलं होतं, भाऊंना सापडत नव्हतं म्हणून तर त्यांनी डबा आणला, हे जरा त्यांच्या बाजूने बघा. आणि भाऊ, रात्री दोन वाजता पोराला ताप चढला तर बाटली शोधायला बहुतेक ताईच उठणार, तर कप्प्यांचा क्रम त्यांना विचारून लावा. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, प्रत्येकाचं नाव, औषधाचं मूळ नाव, किती, कधी, कशाची अ‍ॅलर्जी, डॉक्टरांचा नंबर. तो कागद दोघांनी मिळून लिहायचा, एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, आणि त्याचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. आखाजीच्या आधी आणि दिवाळीच्या सफाईत एकदा सगळं बाहेर काढून तारखा बघायच्या.

डब्यात सुट्या पडलेल्या गोळ्यांपैकी जिचं पाकीट सापडेल आणि जुळेल तीसुद्धा परत वापरू नका, किती ओल लागली ते कळायला मार्ग नाही. रोजच्या गोळ्या नव्या आणा, खर्च होईल पण सासूबाईंच्या बीपीवर प्रयोग नको. आणि येताना घरातली सगळी पाकिटं, चिठ्ठ्या, तो डबा असं सगळं पिशवीत घालून तुमच्या नेहमीच्या मेडिकलवर न्या, दुपारी दोन ते चारमध्ये जा, तेव्हा गर्दी नसते आणि फार्मासिस्ट निवांत एक-एक बघून देतो. दोघंही जा.